ओजसची उत्तरं

सांगलीच्या पेठेत आता 'माहीत नाही' असं कुणी विक्रेता म्हणत नसे. कालपर्यंत नुसती भांडी पुसणारी मुलगीही कानामागे नखाएवढी ज्ञानपट्टी चिकटवायची आणि वीस वर्षं मुरलेल्या माणसासारखी बोलायची. गिऱ्हाइकं इतकी लाडावली होती, की उत्तराला क्षणभर उशीर झाला तरी कपाळाला आठ्या घालत.

पट्टीतलं ज्ञान काही आभाळातून पडत नाही. कुणा खऱ्या जाणकाराच्या मेंदूतल्या जोडण्यांची नक्कल करून ते तिच्यात भरतात. कुकरच्या पट्टीसाठी ती नक्कल भांड्यांच्या दुकानातल्या जुन्या विक्रेत्याची, ओजस शेटेची घेतली होती.

ओजस स्वमग्न. लग्नकार्यात, चहाच्या टपरीवर लोक एवढं काय बोलतात, हे त्याला चाळिशी आली तरी उमगलं नव्हतं. पण झिजलेली रबरी रिंग हातात दिली, की बोटांनी चाचपून तो कुकर कुठला, किती लिटरचा आणि झाकण लावणारं माणूस डावखुरं आहे का, तेसुद्धा सांगायचा. बायका मुद्दाम त्याच्याकडेच यायच्या. माणसांत त्याची ये-जा होती ती एवढीच.

नक्कल घेण्याआधी त्याने मेंदूतज्ज्ञ डॉ. कुलसुम मुजावर यांना एकच प्रश्न विचारला होता. "नंतर लोक मला विचारतील ना?"

"तुमची उत्तरं तर गावोगाव पोचतील," त्या म्हणाल्या होत्या.

त्यांनी प्रश्नाला बगल दिली होती. आडून बोललेलं ओजसला कळत नसे. तो हो समजला आणि सही करून मोकळा झाला.

नक्कल दिली तरी नोकरी जाणार नाही, हा शब्द दुकानाने पाळला. पण काउंटरवरच्या तिघीजणी आता त्याचीच वाक्यं त्याच्याच ठेक्यात बोलत. "रिंग ताणू नका, पाण्यात बुडवून बसवा." ओजस कोपऱ्यात उभा राहून ऐकायचा. त्याला फार एकटं वाटायचं; पण ते सांगायचं कुणाला, आणि कसं?

वर्षभराने नव्या बनावटीचे कुकर आले, म्हणून डॉ. मुजावर पुन्हा नक्कल घ्यायला आल्या. यंत्राचा पडदा त्यांनी दोनदा तपासला. नवी भर काहीच नव्हती आणि जुन्या जोडण्याही विरल्या होत्या.

"असं कसं झालं?" मालकाने विचारलं.

"ज्ञान म्हणजे गोदामातला माल नव्हे हो. कुणी विचारलं, की ती वाट पुन्हा मळते. आपण यांना विचारायचंच थांबवलं."

मालकाला वाईट वाटलं. पण जुनी पट्टी चालतेय तर अडतंय कुठे, असंही तो म्हणाला.

डॉक्टरांना राहवेना. त्यांनी फळीवरची एक झिजलेली रिंग उचलून ओजसच्या हातात दिली आणि ही कुठल्या कुकरची, असं विचारलं.

त्याची बोटं कडेवरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्याने रिंग जपून परत केली.

"काउंटरवर विचारा, मॅडम," तो म्हणाला. "त्यांना माहीत असतं."