एका दिवसाचा परवाना

सकाळी नऊला शिपायाने ग्रंथालय उघडलं तेव्हा हॉलच्या दाराशेजारची चौकट जागच्या जागी होती. काचही शाबूत होती. आतला कागद तेवढा नव्हता.

त्याने चौकट उतरवली, उलटी केली, झटकली. मग ग्रंथपालकडे गेला.

"ताई, परवाना गेला."

ग्रंथपाल हातातल्या चाव्यांसह खाली बसली. तिने उगाच रडारड केली नाही, पण ओठ पांढरे पडले. संध्याकाळी पाचला हॉलमध्ये सिनेमा होता. परवान्याची मूळ प्रत खेळाच्या वेळी दाराशी टांगलेली हवी, नाहीतर खेळ नाही. परवाना आजच्या एका तारखेचा होता. उद्या त्याची किंमत रद्दीची. आणि सोमवारी समितीची बैठक होती. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे तिथे ठरणार होतं. राहायची खोलीही ग्रंथालयाचीच, त्यामुळे घरी म्हणजे नेमकं कुठे, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तिने परवाना कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा आवाज म्हणाला, "आम्ही निघालोच आहोत. तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

साडेदहाला निरीक्षक बाई आल्या. कार्यालयात त्यांना कात्री म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं आणि ते नाव त्यांना आवडायचं. माणूस गडबडला की त्यांना भूक लागते, असं त्यांचा ड्रायव्हर सांगायचा.

हॉलमध्ये वायरमन काम करत होता, म्हणून पंखे बंद होते. कात्रीने एक खुर्ची ओढली आणि ग्रंथपालला समोर उभंच ठेवलं.

"परवान्याबद्दल काय काय कळतं तुम्हाला?"

"आधी काहीच कळत नव्हतं. वाटायचं, प्रत मिळाली की दाखवायला मोकळे. मग कळलं, घरात बसून पाहणं वेगळं आणि चार लोकांना बोलावून दाखवणं वेगळं. चार महिने नाकी नऊ आले. सिनेमा काढणारी कंपनी बंद. मालक वारले. हक्क पुतणीकडे गेलेले. तिचा पत्ता काढायला अकरा पत्रं लिहिली. तिने लेखी परवानगी दिली, मग तुमच्याकडे अर्ज केला."

"एवढा आटापिटा कशाला? सोपा सिनेमा नव्हता का एखादा?"

"आमच्या हिरोकाकांनी त्यात काम केलंय. दोन आठवडे चालला आणि डब्यात गेला, तेव्हापासून कोणी पाहिलेला नाही. म्हटलं, काकांच्या हयातीत एकदा दाखवू."

हिरोकाका म्हणजे वाचनालयातलं रोजचं गिऱ्हाईक. बेचाळीस वर्षं ते एकच गोष्ट सांगत आले होते. तरुणपणी त्या सिनेमात ते घोड्यावरून दौडत आले, लगाम खेचला आणि म्हणाले, "मागे फिरा, पूल तुटलाय." गावातल्या पोरांना पाढे येत नसत, पण हे वाक्य यायचं. त्यांच्या मुलीचं लग्न जमलं ते याच वाक्यावर, असं लोक म्हणत.

"अर्ज कोणी कोणी पाहिला?" कात्रीने विचारलं.

"मी लिहिला. सचिवांनी सही केली. हिरोकाका प्रमुख पाहुणे, म्हणून त्यांचीही संमतीची सही घेतली. मग पाकीट बंद करून मीच टपालात टाकलं."

"बुधवारी इथे काय दाखवलंत?"

ग्रंथपाल बावचळली. "बुधवारी? प्रत तपासली. रिकाम्या हॉलमध्ये चालतं ना? पहिली दहा मिनिटं आणि शेवटची पाच. मी आणि शिपाई, दोघंच होतो."

"मधला भाग का नाही पाहिलात?"

"काकांचं काम मध्ये आहे. मला ते सगळ्यांबरोबर पाहायचं होतं."

कात्रीने पर्समधून एक कागद काढला आणि वाचला. "'बुधवारी सायंकाळी पाच वाजता ग्रंथालयाच्या हॉलमध्ये हा सिनेमा परवान्याच्या तारखेआधी लोकांना दाखवण्यात आला. साठच्या साठ खुर्च्या भरल्या होत्या. मी डोळ्यांनी पाहिले. एक जागरूक नागरिक.' गुरुवारी सकाळी आमच्या पेटीत पडलं. खरं निघालं तर परवाना रद्द, ग्रंथालय तीन वर्षं काळ्या यादीत आणि तुम्ही रस्त्यावर."

"खोटं आहे हे."

"खोटं बोलणारे सगळे असंच म्हणतात. खरं बोलणारेही. माझी पंचाईत बघा." कात्रीने कागदाची घडी घातली. "आजचा बेत काय होता?"

"पाचला सुरू. सिनेमा सत्तर मिनिटांचा, मध्यंतर नाही, म्हणून चहा शेवटी ठेवलाय. त्याआधी काकांचं छोटं भाषण."

"चहा सांगून ठेवा. लोक तमाशा बघायला तरी येतीलच."

शिपाई बोलायला कचरणारा नव्हता. "बुधवारी हॉलमध्ये मी, ताई आणि एक पाल होती. पालीची साक्ष हवी तर बघा." शुक्रवारी दुपारी बाराला त्याने स्वतः परवाना चौकटीत सरकवला होता. संध्याकाळी सहाला दिवे घालवताना चौकट पाहिली नाही, हे त्याने कान पकडून कबूल केलं. दुपारपासून सहापर्यंत वाचनालयात माणसं येत-जात होती. सचिव दोनदा येऊन गेले. हिरोकाका नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत बसले होते.

मग सचिव आले. त्यांना आल्याआल्या खुर्ची मिळाली, हे त्यांना खटकलं नाही. खटकायला हवं होतं.

"तुमची भाची ग्रंथालयाचं शिकलीय म्हणे?"

"शिकलीय. घरीच आहे."

"म्हणजे या जागेची वाट बघतेय."

"मॅडम, ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मी नाही. ही पोरगी गेली तर भाचीला घेऊ, सगळ्या समितीला माहीत आहे. सिनेमाबिनेमाचं हे खूळ मला पहिल्यापासून पसंत नव्हतं."

"तरी अर्जावर सही केलीत."

"सही केली म्हणजे काय, राबलोही. साठ माणसं बोलावायची आणि हॉलमध्ये खुर्च्या चाळीस. उरलेल्या वीस कोण आणणार? मीच शाळेत शब्द टाकला. काल दुपारी आल्या, तेव्हा मोजून घ्यायला मीच उभा होतो."

"काल म्हणजे शुक्रवारी?"

"शुक्रवारीच. आता तेही बेकायदा आहे का?"

"अजून ठरवलं नाही," कात्री म्हणाली आणि त्यांना बाहेर बसवलं.

हिरोकाका शेवटी आले. सत्तरीचे, केस मागे वळवलेले, अंगात गडद कोट. उकाड्यात वायरमनने शर्ट काढून ठेवला होता, पण काकांच्या कोटाची तिन्ही बटणं लावलेली होती. बसताना त्यांचा हात छातीच्या डाव्या बाजूला गेला. ग्रंथपालच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काका, दुखतंय का? पाणी आणू?"

"नको गं. तुझ्यावर हे बालंट आलं ना, त्याचाच त्रास होतोय." ते कात्रीकडे वळले. "सोन्यासारखी पोर आहे हो. तिच्या पोटावर पाय देऊन कोणाचं काय भलं होणार?"

"तेच शोधतेय. तुमचं काम सिनेमात नेमकं कुठे येतं?"

काकांचा चेहरा उजळला. बेचाळीस वर्षांची सवय ती. "मध्यंतरानंतर लगेच. लोक बाहेरून परत येतायत, अजून खुर्च्या सरकवतायत, आणि तेवढ्यात माझा घोडा. निम्म्या लोकांचं माझं वाक्य हुकायचं. दिग्दर्शकाला मी तेव्हाच म्हटलं होतं, जरा पुढे ढकला."

"थिएटरात कितीदा पाहिलात?"

"मोजलं कोणी?"

त्यांचा हात पुन्हा छातीवर गेला. कात्रीने वही मिटली. ग्रंथपाल, सचिव आणि शिपाई यांना आत बोलावलं, आणि दार लावायला सांगितलं.

"पत्रापासून सुरू करू," ती म्हणाली. "लिहिणाऱ्याने साठ खुर्च्या भरलेल्या पाहिल्या. बुधवारी. बुधवारी इथे चाळीसच खुर्च्या होत्या. म्हणजे त्याने काहीच पाहिलं नव्हतं. मग साठ आकडा आला कुठून? तो फक्त अर्जात होता. अर्ज पाहिलेली माणसं तीन. ग्रंथपाल स्वतःविरुद्ध तक्रार करणार नाहीत. उरले दोन."

सचिवांनी गळ्याशी बोट घालून कॉलर सैल केली.

"सचिवसाहेब, तुमच्याकडे कारण होतं आणि नियतही तशीच होती. पण खुर्च्या तुम्हीच मागवल्या. चाळीस आहेत हे तुमच्याइतकं कोणालाच पक्कं माहीत नव्हतं. खोटं लिहायचं असतं तर तुम्ही चाळीस लिहिलं असतं. तुम्ही वाईट आहात, पण हिशेबी."

सचिवांना हे कौतुक वाटलं की काय कोण जाणे, त्यांनी मान डोलावली.

"हिरोकाका वाचनालयात बसतात, हॉलमध्ये त्यांचं काही काम नसतं. बुधवारी पाचला त्यांनी भिंतीपलीकडून सिनेमाचा आवाज ऐकला आणि उरलेलं मनाने भरलं. तक्रारीने खेळ लगेच थांबेना, म्हणून काल सहाला जाताजाता परवाना उचलला."

"काका कशाला करतील?" ग्रंथपाल जवळजवळ ओरडलीच. "सिनेमा त्यांच्यासाठी आणलाय."

"म्हणूनच. या सिनेमाला मध्यंतर नाही."

कात्री हिरोकाकांकडे वळली. वायरमन शिडीवर थांबला.

"बाहेरून परतणारी माणसं, सरकणाऱ्या खुर्च्या, सगळं छान सांगितलंत. पण हा सिनेमा तुम्ही एकदाही पाहिलेला नाही. त्यात कामही केलेलं नाही. शूटिंग बघायला जमलेल्या गर्दीत उभे होतात का?"

काकांनी मान हलवली. कोणत्या बाजूला, ते नीट कळलं नाही. मग हळूच म्हणाले, "घोडा धरला होता. थोडा वेळ."

"परवाना द्या."

"माझ्याकडे नाही. फाडला."

"फाडायला हवा होता. तेवढं केलं असतंत तर माझ्या हाती फक्त संशय राहिला असता." कात्रीने कार्यालयाची प्रत समोर धरली. "यातली तिसरी ओळ बघा. प्रमुख पाहुणे, मग तुमचं नाव, आणि पुढे 'ज्येष्ठ अभिनेते'. खाली सरकारी शिक्का. असा कागद तुम्हाला जन्मात दुसरा मिळणार नाही, तो तुमच्याने फाडवला नाही. सकाळपासून छातीवर हात ठेवून तोच जपताय, आणि ही वेडी तुम्हाला पाणी विचारतेय. बटणं काढा."

काकांनी एकेक बटण काढलं. आतल्या खिशातून घडी निघाली.

"काखेत कळसा," शिपाई पुटपुटला.

"गंमत बघा, तिसऱ्या ओळीखाली चौथी आहे," कात्री म्हणाली. "'अवधी सत्तर मिनिटे, मध्यंतर नाही.' रात्रभर हा कागद तुमच्याजवळ होता. स्वतःच्या नावापुढे एक ओळ वाचली असतीत तर माझ्यासमोर तोंडघशी पडला नसतात."

काका ग्रंथपालकडे वळले. "पोरी, खेळ रद्द कर. मशीन बिघडलं म्हण. मुलगी येणार आहे, जावई येणार आहे. मी तुझ्यासाठी समितीकडे शब्द टाकतो."

ग्रंथपाल त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. चार महिने ज्या माणसासाठी ती दारोदार पत्रं लिहीत होती, तो हा.

"माझी बैठक सोमवारी आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"माझी खोलीही जाईल, हे?"

"तूच सांगितलं होतंस."

"तरी लिहिलंत."

तिने त्यांच्या हातातून परवाना घेतला, घडी सरळ केली आणि शिपायाला दिला. "चौकटीत लाव. आणि काकांची खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध ठेव. काकूंची शेजारी."

"पोरी..."

"परवाना आजचाच आहे, काका. आणि आला नाहीत तर खेळाआधी पत्र मी वाचून दाखवीन."

कात्रीने तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. तक्रारीवर 'खोटी' असा शेरा मारून तिने सही केली, पण ती गेली नाही. पाच वाजता शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

साठच्या साठ खुर्च्या खरोखरच भरल्या. काकांनी भाषण करायला नकार दिला, तो लोकांना विनय वाटला. चाळिसाव्या मिनिटाला घोडा आला. धुरळा उडाला, लगाम खेचला गेला, आणि पडद्याबरोबर सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "मागे फिरा, पूल तुटलाय."

घोड्यावर अरुंद कपाळाचा, गालावर ठसठशीत तीळ असलेला कोणी भलताच माणूस होता.

कोणीतरी हसलं. मग मागच्या रांगेत आणखी कोणीतरी. काकांच्या मुलीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. उरलेली तीस मिनिटं काका मान खाली घालून बसले, कारण उठायचं तर सगळ्यांसमोरून जावं लागलं असतं.

दिवे लागले. माणसं चहाकडे वळली आणि काकांना वाट देताना जरा जास्तच बाजूला झाली. ग्रंथपालने चौकटीतून परवाना काढला आणि त्यांच्या हातात दिला. "घ्या. मुदत संपली. आता फाडलात तरी चालेल."

काकूंनी सगळं ऐकलं होतं. शिपायाने त्यांना दारातच पत्राबद्दल सांगून टाकलं होतं, त्याला राहवलं नव्हतं. काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "तुला फसवलं मी."

"मला नाही," काकू म्हणाल्या. "लग्नाच्या आधी मी हा सिनेमा तीनदा पाहिला होता. तो तीळवाला मला आवडायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बायकोपुढे फुशारकी मारणाऱ्या माणसाचं काय वाईट वाटायचंय? रोज ऐकायचे, मनात हसायचे, भाकरी भाजायचे. तुम्ही कोणाचं काही बिघडवत नव्हतात." त्यांनी काकांच्या हातातला कागद घेतला, चष्मा लावून तिसरी ओळ वाचली. "इतकी वर्षं मी तुम्हाला सांभाळलं, आणि तुम्ही हे वाचवायला त्या पोरीचं घर मोडायला निघालात. आता जावयाला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मी गप्प बसणार नाही."

त्यांनी कागद परत काकांच्या खिशात घातला, कोटाची तिन्ही बटणं नीट लावून दिली, आणि ग्रंथपालशेजारी उभं राहून चहा घ्यायला गेल्या.