वरच्या रांगेतलं कार्ड

दारातल्या माणसाकडे बघताक्षणी ठकीच्या आईने ओळखलं, की हा बाप नवा आहे. हातात पिशवी, कपाळावर घाम आणि आत यावं की नको असा चेहरा. चार वर्षांपूर्वी, तीन वर्षांच्या ठकीला घेऊन, स्वमग्न मुलांच्या पालकांच्या या शनिवारच्या बैठकीत ती स्वतः अशीच येऊन उभी राहिली होती. तिने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. नव्या माणसाला काही विचारायचं नाही, आपणच बोलत राहून त्याला धीर द्यायचा, अशी तिथली पद्धत होती. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही, आणि त्यालाही काही सांगता आलं नाही.

तो तोंड उघडायचा, की कुणीतरी समजूत घालायचं. पहिलं वर्ष जड जातं. केस कापायला घरी कोण येतं, नातेवाइकांना किती सांगायचं… सगळं त्याच्या कानावर घालून झालं. ठकीच्या आईने तर मुलाच्या कपड्यांची मानेजवळची लेबलं काढून द्यायचं कबूलही केलं. ती शिवणकाम करायची, आणि ती लेबलं या मुलांना किती टोचतात हे ठकीमुळे तिला चांगलंच ठाऊक होतं. पाऊण तासाने आजोबांना राहवेना. आजोबा म्हणजे बैठक चालवणारे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचा नातू स्वमग्न होता. त्यांनी हळूच विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"अजून लग्नच झालं नाही," तो म्हणाला. "मी वायरमन. ट्यूब आवाज करते अशी तक्रार होती ना?"

खोलीत हशा पिकला. तिचे कान तापले.

"मग आधी बोलायचं ना," ती म्हणाली.

"बोलणार होतो. पण तुम्ही इतकं मनापासून सांगत होता… म्हटलं, लेबलं तरी काढून घ्यावीत."

त्याने शिडी लावून ट्यूब बदलली. गुणगुण थांबली, आणि कोपऱ्यात कान झाकून बसलेल्या ठकीने हात खाली घेतले. तेव्हा कुठे ठकीच्या आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. बरा होता दिसायला.

पुढच्या शनिवारी तो खरंच शर्ट घेऊन आला, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी दोन. एका माणसाला इतके शर्ट कशाला लागतात, असं तिने विचारलं. त्याने सरळ कबूल केलं, की यातला एक शेजाऱ्याचा आहे. मग तिच्या घरातलं दिव्याचं एक बटण बिघडलं, मग दुसरं, आणि दर गुरुवारी साडेसहाला तो येऊ लागला. ठकी बटणं दाबायची, तो दिवे मोजायचा. तो गेल्यावर आपण उगाच हसतोय, हे ठकीच्या आईच्या लक्षात येत होतं.

घरात एक फळा होता. त्यावर ठकीचा दिवस चित्रांच्या कार्डांनी लावलेला असे. वरच्या रांगेत रोजच्या गोष्टी, खालच्या रांगेत कधीमधीच्या. फळ्यावर आहे ते घडलंच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी ठकीचा बाप घर सोडून गेला, तेव्हा त्याचं कार्ड काढायला सहा महिने लागले होते. ठकी रोज ते पुन्हा लावायची. त्यानंतर आईने माणसाचं कार्ड कधी केलं नाही. पण एका गुरुवारी ठकीनेच दिव्याचं चित्र काढलं आणि खालच्या रांगेत लावलं.

पुढच्याच गुरुवारी तो आला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला वीज गेली होती आणि त्याचा फोन बंद पडला होता. ठकी दारात उभी राहिली, जेवली नाही, स्वतःच्या मनगटाला चावत राहिली.

शनिवारी बैठकीआधी ठकीच्या आईने त्याला बाजूला घेतलं.

"येऊ नका आता. तुम्ही मला आवडता, हे लपवत नाही. पण मी सावरेन… तिचं काय?"

बाजूला घेतलं खरं, पण खोली लहान होती. आजोबांनी खाकरून सांगितलं, की याने आपल्या ऑफिसात त्यांचा नंबर देऊन ठेवावा, म्हणजे तिथून निरोप येईल. हा अडकला तर चार घरं सोडून राहणारे ते स्वतः 'आज नाही'चं कार्ड घेऊन ठकीकडे जातील. लगेच आणखी दोघींनी आपले नंबर पुढे केले. चार वर्षं ती याच लोकांत बसत होती. मदत मात्र कधी मागितली नव्हती. तिला भरून आलं.

"गुरुवारचं कार्ड मला पुरत नाही," वायरमन म्हणाला. "वरच्या रांगेत लावा."

"वरची रोजची असते. रोज यायचं म्हणजे… राहावंच लागेल."

"म्हणूनच म्हणतोय."

"आणि कंटाळलात तर?"

"कंटाळेन की कधीकधी. घरात बसून कंटाळेन."

आजोबा हजेरीच्या वहीत डोकं घालून बसले. ती म्हणाली, ठकीला विचारायला हवं.

संध्याकाळी सहाला तिघं घरी आली. आईने दिव्याचं कार्ड ठकीच्या हातात दिलं आणि वरची रांग दाखवली. ठकीने बराच वेळ विचार केला. मग 'जेवण' आणि 'झोप' यांच्यामध्ये ते नीट बसवलं. आईचे डोळे भरले. ठकीने घड्याळाकडे पाहिलं, वायरमनचा हात धरला, त्याला दाराबाहेर नेऊन उभं केलं आणि दार लावून घेतलं. जेवण व्हायचं होतं.

आतून ठकीची आई हसत आणि रडत म्हणाली, "आठ वाजता संपतं हो."

"बसलोय जिन्यात," बाहेरून उत्तर आलं.

आठ वाजता ठकीने हात धुतले आणि स्वतः जाऊन दार उघडलं. तो तिथेच होता.