समुद्राच्या वाटेवर असुन्सिओन

उन्हाळ्यात पाऊस आला, की असुन्सिओन शहरातल्या उताराच्या रस्त्यांच्या नद्या होतात. इथली माणसं आभाळ काळवंडताच जवळची पायरी गाठतात. येसेनियाला हे कोण सांगणार? ती नुकतीच बोलिव्हियाच्या बसमधून उतरली होती. एक चप्पल वाहून गेलेली, पाणी गुडघ्यापर्यंत... आणि समोरून एक तरुण डगमगत येत होता. खांद्यावर प्लास्टिकात गुंडाळलेली, माणसाएवढी उंच हार्प, तारांचं वाद्य.

“अहो, जरा खालचं टोक धरता का? ही भिजली तर आत्या मला घरात घेणार नाही.”

येसेनियानं टोक धरलं. भिंतीला टेकून, हार्प वर उचलून, दोघं पाणी ओसरायची वाट पाहत राहिले. हात भरून आले तेव्हा तिला हसू फुटलं. तिच्या नाकावरून थेंब ओघळत होते आणि तो ते पुसूही शकत नव्हता, नुसता पाहत होता.

त्याचं नाव देर्लिस. हार्प बनवायच्या, दुरुस्त करायच्या, हा त्याचा धंदा. चपलेची भरपाई म्हणून तो तिला घरी घेऊन गेला. आत्या सिंफोरियानानं आधी हार्प पाहिली, मग पाहुणी. तिनं आपल्या चपला काढून दिल्या आणि अंगणातल्या आंब्याखाली बर्फाच्या पाण्यातला तेरेरे, इथला पाल्याचा थंड चहा, मांडला. एकच पेला, एकच नळी, आळीपाळीनं सगळ्यांना. येसेनिया प्यायली आणि रीतीप्रमाणे आभार मानून तिनं पेला परत दिला. त्यानंतर पेला फिरत राहिला, पण तिच्याकडे काही येईना. तिचा चेहरा उतरला तशी आत्या हसली.

“पोरी, इथं आभार मानले की पुरे झालं असं समजतात.”

“मग मी ते आभार परत घेते,” येसेनिया म्हणाली. देर्लिसनं पेला भरला, नळी तिच्या बाजूला वळवली... त्याच नळीनं मागाहून तोही प्यायला. दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

संध्याकाळी ती दोघं नदीकाठी फिरली. ती बोलिव्हियातल्या कोचाबांबाची, तिथल्याच ओरुरो शहराच्या कार्निव्हलसाठी नाचाच्या पोशाखांवर टिकल्या शिवणारी. सत्तावीस वर्षांची झाली तरी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून ब्राझीलला निघालेली, एकटीच. नुसतं पाणी बघायला एवढ्या लांब कोण जातं, असं आई म्हणाली होती. सकाळी तिची पुढची बस होती.

समुद्र देर्लिसनंही पाहिला नव्हता. तो लहान असताना त्याची आई म्हाताऱ्यांची सेवा करायला स्पेनला गेली आणि तिथलीच झाली. “समुद्राबद्दल मला एवढंच ठाऊक आहे, की आई त्याच्या पलीकडे आहे,” तो म्हणाला. “तिकडे जाणारं माणूस परत येतं, असं मी पाहिलेलं नाही.”

येसेनिया हळूच म्हणाली, “चल ना माझ्याबरोबर.”

त्यानं नकारार्थी मान हलवली. दुरुस्तीला आलेल्या हार्प होत्या, आत्या होती... खरं कारण वेगळं होतं आणि ते तिला कळलं.

सकाळी तो तिला बसपर्यंत पोहोचवायला आला. आत्यानं गरम चिपा, चीज घातलेला पाव, बांधून दिला होता. बस सुरू झाली तेव्हा येसेनिया खिडकीतून एवढंच म्हणाली, की शनिवारच्या बसनं ती याच वाटेनं परतणार आहे. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

शनिवारी बस फार उशिरा आली. येसेनियानं खिडकीतून पाहिलं. देर्लिस फलाटावरच्या बाकावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट पार चुरगळलेला. आत्यानं नंतर घरी सांगितलं, की तो पहाटेपासून जेवायलाही घरी आला नव्हता. प्रत्येक बसमध्ये डोकावत होता.

ती उतरली. उन्हानं रापलेली, केस खारट, राठ झालेले.

“कसा होता?” त्यानं विचारलं.

“खूप मोठा. मी पाण्यात शिरले, ओरडले, हसले. मग वळून पाहिलं तर...” तिनं केस मागे सारले. “तर सांगायला कोणी नव्हतं. मला वाटलं, तू असायला हवा होतास.”

तो चपलांकडे पाहत राहिला, आत्याच्या, तिच्या पायातल्या. मग त्यानं तिची पिशवी उचलून खांद्याला अडकवली.

“परत आलीस,” तो म्हणाला, जणू अजून खात्री करून घेत होता.

“आले. पण कार्निव्हल जवळ आलाय, उद्या मला जावं लागेल.”

“जा. टिकल्या शिव.” त्यानं आता तिच्या डोळ्यांत पाहिलं. “कार्निव्हल संपला की मी कोचाबांबाला येतो. तुझ्या आईला विचारायला.”

“काय विचारायला?”

“आपण दोघं नुसतं पाणी बघायला जाऊ का, ते.”