हॅलो टेस्टिंग, कमळी लाजली

शेवटी नानांनी बायकोला ओळखलं नाही. हात जोडून तिला खुर्ची दिली आणि म्हणाले, "आपलं काम फार मोठं आहे."

असो. असं अजून काही झालेलंच नव्हतं. बार्शीत घोडक्यांच्या घरी सकाळ होती, आई पोहे परतत होती, नाना तिच्याकडे बघत होते आणि नानांच्या कानामागची सुरकळ विचार करत होती.

सुरकळ हे बटणाएवढं यंत्र तोवर गावोगाव पोचलं होतं. त्यामागची कल्पना साधी होती. म्हातारपणी आठवणी पुसल्या जात नाहीत, त्या जागच्या जागी असतात. हरवतो तो त्यांचा पत्ता. आणि मेंदूतून सगळ्यात शेवटी जातं ते गाणं. मुलाचं नाव विसरलेला माणूस अख्खं कडवं बिनचूक म्हणतो. तेव्हा शास्त्रज्ञांनी गाण्यालाच किल्ली केलं. समोर कुणी आलं, की सुरकळ घरच्या साठ्यातून त्या माणसाशी जोडलेलं ध्वनिमुद्रण शोधायची, कानात हळूच वाजवायची आणि त्या फायलीचा टॅग कुजबुजायची. टॅग म्हणजे डब्यावरची चिठ्ठी, आत हळद आहे की तिखट ते सांगणारी. ती ऐकली की आठवणीचं दार उघडायचं.

घोळ होता तो नानांच्या चिठ्ठ्यांचा.

नानांनी आयुष्यभर 'घोडके साउंड सर्व्हिस' चालवली. लाउडस्पीकरवाल्याकडे गिऱ्हाईक गाण्याचं नाव घेऊन येत नाही. ते म्हणतं, "नाना, सुतारांच्या बारशाला लावलं होतं ना, ते लावा." म्हणून नानांच्या फायलींची नावंही तशीच होती. 'सुतार बारसं पाळणा मोडला'. 'वरातीत घोडा बसला ते'. 'आमदार पडले त्या दिवशीचं, हळू आवाजात'. गाणारा कोण, याच्याशी नानांना देणंघेणं नव्हतं. गाणारा बारशाला आला नव्हता.

"कोण गं ती?" नानांनी मुलीला, विनयाला विचारलं.

"तुमची बायको," आई कढईतून डोकं वर न काढता म्हणाली. "सापडेल. पोहे होईपर्यंत सापडते रोज."

पोहे झाले, ताटलीत आले, वर खोबरंही पडलं. तेव्हा कुठे नानांच्या कानात खरखर झाली. एक तरुण बाई 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणाली आणि खुदकन हसली. फायलीचं नाव, 'हॅलो टेस्टिंग कमळी लाजली'. लग्नानंतर नवा माइक आला, तेव्हा नानांनी आईच्या तोंडापुढे धरला होता. आईची ती पहिली आणि शेवटची मैफल.

"कमळे," नानांचा चेहरा उजळला, "मीठ कमी पडलंय."

"ओळखलं," आई म्हणाली.

विनयाला हे बघवेना. आज पोह्यांपर्यंत सापडली, उद्या जेवणापर्यंत ताटकळत राहील, परवा सापडणारच नाही. ती संगणकाचं काम करायची. पसारा दिसला की तिचे हात शिवशिवत. साठा वेडावाकडा म्हणून यंत्र अडखळतं, तर साठा सरळ करायचा. आईला पुन्हा कधी 'कोण गं ती' ऐकावं लागता कामा नये, हे तिने ठरवून टाकलं. ठरवून टाकलं की विनया कुणाचं ऐकत नसे, पण नियमाप्रमाणे विचारायची मात्र.

तिने सुरकळ बसवणाऱ्या डॉ. मुलाणींना फोन लावला.

"टॅग बदलायला हरकत नाही ना, मॅडम?"

"एखाददुसरा बदला. सगळे नको. लोकांना वाटतं आठवण म्हणजे फोटो, बघितला, ठेवला. आठवण म्हणजे कणीक आहे, विनया. डब्यातून काढली, की पुन्हा मळूनच आत जाते. मळताना हाताला जे लागलेलं असेल, ते आत जातं."

"म्हणजे स्वच्छ हातांनी मळायची."

"म्हणजे जपून मळायची."

"तेच म्हणतेय मी," विनया म्हणाली आणि कामाला लागली.

तिने स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला दिलेला हुकूमनामा. प्रत्येक फाइल थोडी ऐक. राष्ट्रीय ध्वनिसूचीत तिचा गायक, अल्बम, क्रमांक शोध. टॅगमध्ये तेच लिही. जुनं नाव फेकून दे. सूचीत सापडलं नाही, तर 'अज्ञात कलाकार' लिही. काम संपलं तेव्हा साठा लष्करी संचलनासारखा दिसत होता. आठवडाभर सुरकळ एकदाही अडली नाही. आईला पाणी उकळायच्या आत 'कमळे' ऐकू येऊ लागलं. विनया इतकी खूश झाली, की जुन्या नावांची प्रतही तिने पुसून टाकली. कचरा कोण जपतं?

मग शेजारचे सुतारकाका आले.

"या, या," नाना लगेच म्हणाले, "पाळणागीते, भाग तीन."

सुतारकाका बसले.

"नाना, त्यांच्या घरचं बारसं आठवतं ना?" विनयाने विचारलं.

"आठवतं की. स्टुडिओत झालं. साथीला बासरी होती."

"आणि पाळणा मोडला होता?"

"अधिकृत आवृत्तीत पाळणा मोडत नाही," नाना ठामपणे म्हणाले. "तुला कशाला हव्यात चौकशा, ट्रॅक सात?"

ट्रॅक सात म्हणजे विनया. तिच्या पाचवीच्या पूजेला लावलेलं गाणं त्याच्या अल्बमात सातवं होतं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. नाना उठून उभे राहिले. स्वतःच्या लग्नातही ते कुणासाठी उठले नव्हते. त्यांनी हात जोडले, खुर्ची पुढे केली.

"बसा, बसा. अज्ञात कलाकार ना आपण? आपलं काम फार मोठं आहे. जिथे बघावं तिथे आपणच."

आईने ट्रे खाली ठेवला. "एवढी वर्षं स्वयंपाक केला," ती म्हणाली, "तेव्हा कधी खुर्ची दिली नाही."

विनयाने त्याच दुपारी आठवून आठवून 'हॅलो टेस्टिंग कमळी लाजली' हे नाव पुन्हा लिहिलं. सुरकळीने ते कुजबुजलं. नाना विचारात पडले. "कमळी कोण?"

"मळून आत गेली," डॉ. मुलाणी फोनवर म्हणाल्या. "आठवडाभर तीच आठवण काढली, तीच ठेवली. आता डब्यावर 'अज्ञात कलाकार' लिहिलंय आणि आतही तेच आहे. जुनी किल्ली लागायची नाही."

"दुसरी बनवते."

"कशी?"

"नाना आता सूचीतलंच खरं मानतात. अज्ञात कलाकार म्हणजे कमल घोडके, एवढी एक ओळ ध्वनिसूचीत चढली, की सुरकळ तीच कुजबुजेल. बरोबर?"

"बरोबर. पण त्या नावाखाली देशभरातले आवाज आहेत, विनया. कुणाच्या आया, कुणाच्या आज्या. आणि स्क्रिप्ट काय तू एकटीनेच चालवलीस? मला रोज असे फोन येतात. ती ओळ चढली, की घराघरातले म्हातारे आपापल्या बायकोला कमल म्हणतील."

आत नाना अज्ञात कलाकारांना एखादं गाणं म्हणण्याचा आग्रह करत होते. आई नाही नाही म्हणत होती. मग आईने घसा खाकरला आणि ती हळूच म्हणाली, "हॅलो, हॅलो."

"वा," नाना म्हणाले. "मूळ आवाज ऐकायला मिळाला. भाग्य."

विनयाने लॅपटॉप ओढला आणि लिहायला घेतलं.

'प्रति, मा. संचालक, राष्ट्रीय ध्वनिसूची. विषय: अज्ञात कलाकारांची ओळख पटवणेबाबत. महोदय, आपल्या सूचीतील सर्व अज्ञात कलाकार एकच नाहीत, हे अर्जदारास मान्य आहे. तथापि त्यांपैकी एक आमच्या स्वयंपाकघरात आहेत. तरी इतर सर्व अज्ञात कलाकारांची लेखी ना-हरकत त्यांच्या नाव-पत्त्यासह मागवून घ्यावी आणि त्यानंतर सौ. कमल दत्तात्रय घोडके यांना ओळखण्याची परवानगी त्यांच्या पतीस देण्यात यावी, ही नम्र विनंती.'