जळगाव टेबल दोन, धुळे टेबल चार

"नाशिकवाले चहाला गेलेत," फोनमधला आवाज म्हणाला. "आणि त्यांच्या यंत्रातून जळका वास येतोय. आपण कोण?"

जयमालाने रिसीव्हर जरा सरळ धरला. लाइनवर खरखर होती, पण आवाज स्वच्छ होता. शेजारच्या खुर्चीवरून बोलल्यासारखा.

"जळगाव, टेबल दोन. आणि आपण?"

"धुळे, टेबल चार. फोन माझा नाही. पण केव्हाचा वाजत होता... राहवलं नाही."

"दुसऱ्याचे फोन उचलायची सवय आहे का?"

"नाही हो. आज पहिलाच. आणि पहिल्याच फोनला बोलणी खातोय."

जयमाला हसली, आणि हसू ऐकू गेलं की काय म्हणून तिने ओठ मिटले.

१९९७चा डिसेंबर होता. साध्या टेलिफोनच्या तारेवरून दोन माणसांना एकमेकांना बघत बोलता यावं, अशी यंत्रं तेव्हा काही ठिकाणी बनू लागली होती. वर छोटा कॅमेरा, खाली पडदा, मागे फोनची तार. अडचण एकच होती. ज्याचं यंत्र त्याच्याच जुळ्या भावाशी बोलायचं, परक्याशी नाही. म्हणून पुणे, नाशिक, इंदूर, बडोद्याचे कारखानदार आपापली खोकी घेऊन खानदेशात जमले होते. निम्मे जळगावच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये, निम्मे धुळ्यात. मध्ये खरीखुरी लाइन होती, खांब, वारा आणि खरखर यांसकट. प्रत्येकाने परक्या यंत्राशी जोडून पाहायचं, चुका शोधायच्या, तिथेच दुरुस्त करायच्या. मुदत तीन दिवस.

जळगावच्या हॉलवर झुलाल आबांची देखरेख होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे दोंडाईच्याचे. त्यांनी सकाळीच नियम सांगितला होता. "लाइनवर गावाचं नाव आणि टेबलाचा नंबर. ना कंपनीचं नाव, ना माणसाचं. कोणाचं जुळलं नाही ते बाहेर फुटलं, तर बिचाऱ्याचा धंदा बसायचा."

जयमालाचं यंत्र रतिलालभाईंच्या कारखान्यातलं. कारखाना व्होल्टेज स्टॅबिलायझरचा. या यंत्राचा नाद तिचा. दोन वर्षं तिने ते एकटीने उभं केलं होतं, आणि रतिलालभाईंनी दोन वर्षं सोसलं होतं. निघताना ते म्हणाले होते, "बेन, एका तरी परक्या यंत्राशी जोडून दाखव. नाही जमलं तर एक तारखेपासून आपण परत स्टॅबिलायझर."

आणि तिच्या वाट्याला आलेलं एकमेव परकं यंत्र म्हणजे नाशिकचं. दुपारपर्यंत त्यातून धूर निघाला.

"काय व्हयनं बेटा?" आबांनी तिचा चेहरा बघून विचारलं.

"माझा जोडीदार गेला, आबा."

आबांनी कपाळ खाजवलं, धुळ्याला फोन लावला, आणि सांगितलं, "टेबल चार रिकामं शे, त्याचं पुणे-इंदूरशी जुळनं. त्याच्याशी लाव."

—

"परत तुम्ही?" धुळे म्हणालं.

"पर्याय नव्हता."

"घरीही माझं स्वागत असंच होतं."

त्यांनी यंत्रं जोडली. दोन्हीकडे हिरवा दिवा लागला. आणि मग... काहीच नाही. शेजारच्या साध्या फोनवरून ती म्हणाली, "धुळे, काही दिसतंय?"

"निळा पडदा. फार सुंदर निळा."

"चेष्टा नको."

"बरं. साधा निळा."

तासाभराने कारण सापडलं. लाइन जोडली गेली की दोघांपैकी एका यंत्राने पुढाकार घ्यायचा असतो. तिचं यंत्र समोरच्याने सुरुवात करायची वाट बघत होतं. त्याचंही तेच.

"तुमचं यंत्र कुणाकडे वाढलंय हो?" तो म्हणाला. "ताट वाढून तयार, आणि हे आपलं आधी तुम्ही, आधी तुम्ही..."

"आणि तुमचं?"

"माझं शेजारच्याच पाटावर बसलंय. उपाशी."

"मग पुण्याशी तुमचं कसं जुळलं?"

"पुण्याचं यंत्र कुणाला विचारत नाही. सरळ सुरू होतं."

यंत्रांच्या लाइनची पुढची पाळी यायची वाट बघण्यात संध्याकाळ झाली. वाट बघताना माणसं बोलतात. तिने स्टॅबिलायझरचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगून गेली. त्याने खिडकी उघडल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "इकडे खिडकीतून जिनिंग मिलचा कापूस उडून येतोय. माझ्या बाहीवर, यंत्रावर... सगळीकडे. तुमच्याकडे काय दिसतं?"

"केळीचे ट्रक."

"बघा. आम्ही पांढरे, तुम्ही हिरवे."

रिसीव्हर ठेवताना दोघंही एकदमच "बरं मग..." म्हणाली, आणि दोघंही थांबली.

—

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रं जोडली गेली आणि खट्कन तुटली. परत जोडली. परत खट्.

फोनमध्ये आज निराळाच आवाज होता, पत्र्यावर मूठभर ज्वारी सांडावी तसा.

"तिकडे काय चाललंय?" तिने विचारलं.

"पाऊस."

"डिसेंबरात?"

"धुळ्याला कुणी कॅलेंडर दाखवत नाही. शेतातला कापूस भिजतोय, माणसं धावतायत." तो थांबला. "ऐकायचाय?"

त्याने रिसीव्हर खिडकीपाशी धरला असावा. कोरड्या, थंड हॉलमध्ये बसून जयमालाने धुळ्याचा पाऊस ऐकला. डोळे मिटून. मग भानावर येऊन म्हणाली, "धुळे... तुम्ही काल संध्याकाळी यंत्रात काही बदललंत?"

"...थोडंसं."

"काय?"

"म्हटलं, माझं यंत्रच पुढाकार घेईल. तुमचं बसेल निवांत." क्षणभर नुसता पाऊस. "आणि तुम्ही?"

"मीही थोडंसं."

"काय?"

"तेच!"

आता दोन्ही यंत्रं एकदम बोलत होती आणि गोंधळून लाइन तोडत होती. तो आधी हसला. मग तीही हसली, इतकी की आबांनी चष्मा वर करून पाहिलं. पण हसू ओसरल्यावर तिला राग आला.

"तुम्ही न विचारता का बदललंत? पुणे-इंदूरशी जुळलेलं तुमचं मोडलं असतं. मला दया नकोय."

"दया नव्हती."

"मग काय होतं?"

"हॅलो? खरखर वाढलीय. ऐकू येत नाहीये."

"मला स्वच्छ ऐकू येतंय."

पत्र्यावर पाऊस. मग हळूच म्हणाला, "जळगाव, मी माझं पूर्वीसारखं करतो. तुमचं आत्ता आहे तसंच ठेवा. पाच मिनिटांत जुळेल."

मोह मोठा होता. पाच मिनिटं, आणि रतिलालभाईंना दाखवायला पडद्यावर चित्र. जयमालाने यंत्राच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "उद्या कुणी पुण्याचं यंत्र विकत घेतलं आणि माझ्या यंत्राला फोन लावला तर? पुन्हा दोघं एकदम बोलतील. तुम्ही वाकलात म्हणून जुळलं, त्याला जुळणं नाही म्हणत."

"मग?"

"मग नीट करायचं. दोघांनी."

नीट कसं करायचं ते अशा सगळ्या यंत्रांसाठी ठरलेल्या नियमांत लिहिलेलं होतं. प्रत्येक वेळी दोन्ही यंत्रांनी मनाला येईल तो आकडा काढायचा. मोठा आकडा ज्याचा, त्याचा पुढाकार. सारखा आला तर पुन्हा काढायचा. पण कारखान्यात चाचणीला आपलीच दोन यंत्रं असायची. जयमालाने एकाला बटणाने पुढाकार घेणारा थोरला केलं होतं, एकाला धाकटा. धुळ्यातही तेच झालं होतं. पुढे बघू म्हणून दोघांनीही ते काम बाजूला टाकलं होतं, आणि घरच्या घरी कधी अडलं नव्हतं.

दिवसभर ते फोनवरच होते. प्रोग्रॅमची एक ओळ ती वाचायची, एक तो. ती चुकली की तो खाकरायचा. तो चुकला की ती सरळ सांगायची.

"जरा प्रेमाने सांगा की," तो एकदा म्हणाला.

"चूक आहे... प्रेमाने."

—

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनची वेळ मिळाली, शेवटची. कॉलेजच्या मागच्या अंगणात निरोपाच्या जेवणासाठी वांगी भाजली जात होती आणि कपाशीच्या काड्यांचा धूर हॉलभर पसरला होता. रतिलालभाई मफलर गुंडाळून स्वतः येऊन बसले होते.

पहिला प्रयत्न तुटला. ओल्या लाइनीमुळे, झुलाल आबा म्हणाले.

दुसराही तुटला.

रतिलालभाईंनी घड्याळ पाहिलं. जयमालाने हात ओढणीत गुंडाळले, परत काढले, नंबर फिरवला.

हिरवा दिवा. एक क्षण. दोन. आणि यंत्राच्या जाळीतून आवाज आला, "जळगाव?"

साध्या फोनमधून नव्हे. यंत्रातून.

"बोला धुळे," ती म्हणाली.

मग चित्र येऊ लागलं. सबंध नाही, चौकोना-चौकोनाने. आधी खिडकीचा कोपरा. मग एक कान. निळ्या शर्टाची कॉलर. बाहीवर खरोखरच कापसाचा पुंजका. मग कपाळ, आणि सगळ्यात शेवटी डोळे... जागरणाने लाल झालेले, आणि थेट तिच्याकडे बघणारे.

आबांनी कागद हातात घेऊन रीतसर विचारायला सुरुवात केली. "जळगाव, चित्र कसं?"

"चांगलं," जयमाला म्हणाली. मग सावरून, "म्हणजे... स्पष्ट."

"धुळे, तुमच्याकडे?"

"आधी खुर्ची आली. मग वेणी. मग..." तो अडला. "स्पष्ट, आबा. फारच स्पष्ट."

"आवाज आणि चित्र बरोबर चालतात?"

"नाही," दोघंही म्हणाली. आवाज आधी पोचत होता. चेहरा मागाहून, दोन श्वास उशिरा. ते साध्या लाइनीचं दुखणं होतं, त्याला इलाज नव्हता. आबांनी मान डोलावली, कागदावर खूण केली आणि रतिलालभाईंकडे वळून म्हणाले, "जुळनं, शेठ."

रतिलालभाई उठले. पडद्यावरच्या अनोळखी मुलाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. मग जयमालाला म्हणाले, "एक तारखेला स्टॅबिलायझरच्या शेडमध्ये नको जाऊस. दुसरं यंत्र बनवायला घे." आणि भरताच्या वासाच्या दिशेने निघून गेले.

जयमालाने खुर्ची यंत्राजवळ ओढली.

"जळगाव," यंत्रातून आवाज आला. "चाचणी झाली ना? मग नाव विचारू?"

तिने आबांकडे पाहिलं. आबांनी कागदाची घडी घातली. "बठ्ठी चाचणी संपनी," ते म्हणाले. "आते मी बहिरा शे." आणि खिडकीपाशी जाऊन केळीचे ट्रक बघू लागले.

"जयमाला सरोदे. भुसावळ."

"कौतिक बोरसे. शिरपूर. आजोबांचं नाव आहे. हसा, हरकत नाही."

"मी हसत नाहीये."

"पडद्यावर दिसतंय."

"ते मघाचं आहे. चित्र मागे चालतंय."

"मग मघा का हसलात?"

तिने वेणी मागे टाकली. तो खुर्चीत पुढे सरकला. आवाज खाली आला. "एक गोष्ट चित्र येण्याआधीच सांगायला हवी होती. म्हणजे तुमचा विश्वास बसला असता. चित्र कसंही आलं असतं ना... तरी विचारणार होतो."

"काय?"

"उद्यापासून फोन करू का? यंत्राशिवाय. आबांशिवाय."

"नको," जयमाला म्हणाली.

लाइनवर नुसती खरखर राहिली.

"फोनवर पुष्कळ झालं," ती म्हणाली. "रविवारी भुसावळला या. रेल्वे कॉलनीत. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, गाडीवर नसतात त्या दिवशी. ते खूप प्रश्न विचारतील. आबांपेक्षा कडक आहेत."

"आणि तुम्ही? तुमचं काय म्हणणं... नानांचं सोडून?"

"परक्या माणसाला मी घरचा पत्ता देत नाही," ती म्हणाली. "लिहून घेताय ना?"

"येतो," आवाज आला. लगेच. जरासा घोगरा.

पण पडद्यावर तो अजून तिच्या उत्तराची वाट बघत बसलेला होता. भुवया ताणलेल्या, श्वास धरलेला. त्याचा होकार तिच्या कानात पोचला होता, चेहरा मात्र अजून वाटेतच होता. जयमालाने कोपर टेबलावर टेकलं, हनुवटी हातावर ठेवली आणि तो यायची वाट बघत राहिली.

मग ओठांच्या कोपऱ्यापाशी पहिला चौकोन बदलला.