माझगावचा जुना फ्लॅट

“उद्या माझगावच्या फ्लॅटचा व्यवहार पक्का करायचाय,” इरावती म्हणाली. “आणि काल निनावी फोन आला. ‘आईला घेऊन तिथं राहायला येऊ नका.’ आवाज दबका. बाई की पुरुष, कळलं नाही.”

चिंचपोकळीच्या चाळीतले तीन जिने तिच्या आईला आता झेपत नव्हते. माझगावच्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट होती. चाळीतली खोली विकून मायलेकी तिथं जाणार होत्या. खोली गेली की परत फिरायला जागा नव्हती.

“कुणाला तरी फ्लॅट स्वस्तात हवाय,” शंतनू म्हणाला.

“तुझं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असतं,” म्हणत खाजगी गुप्तहेर मीनाक्षी दांडेकर उठली. सहायक म्हणून तिनं शंतनूला का ठेवलं, हे तिलाही आठवत नसे.

तिघं माझगावला पोहोचले तेव्हा फ्लॅटचा मालक हितेंद्र दारातच भेटला. शंतनू बूट काढायला वाकला.

“अहो, राहू द्या. घरचेच आहात.”

तो स्वतःही बूट घालूनच आत वावरत होता. हॉलमध्ये देवांच्या तसबिरींना ताजे हार होते. उदबत्त्यांच्या धुरानं शंतनूला ठसका लागला. खाली नव्याकोऱ्या फरशा चकाकत होत्या.

“फोन? सेक्रेटरीचं काम. त्याला हा फ्लॅट भाच्यासाठी हवाय.”

सेक्रेटरी अण्णा तळमजल्यावर पेपर वाचत होते. “भाचा दुबईत सुखात आहे. मला तर नवीन मेंबर आल्याचा आनंदच आहे. एकट्याच राहणार ना इरावती मॅडम? इमारत ठणठणीत.”

हितेंद्रच्या फ्लॅटच्या थेट खाली आनंदीबाई एकट्या राहत. त्यांची खाट स्वयंपाकघरात, गॅसला खेटून होती.

“हॉलमध्ये उकडतं हो.”

हॉलचे पडदे गोदीकडच्या वाऱ्यानं फडफडत होते. छताच्या मधोमध ताज्या पांढऱ्या रंगाचा मोठा पट्टा होता.

“आईंचे गुडघे कसे आहेत?” त्यांनी इरावतीला विचारलं. “फ्लॅट बघायला आलात तेव्हा लिफ्टपाशी भेटलो होतो ना. फोन? छे, मला काय करायचंय.” त्यांनी दार लावून घेतलं.

मीनाक्षीनं अण्णांना वर बोलावलं. हितेंद्रच्या हॉलमध्ये तिनं चपला काढल्या आणि अनवाणी उभी राहिली.

“देवाला रोज हार घालणारा माणूस देवासमोर बूट घालून फिरतो, पाहुण्यालाही काढू देत नाही. का? भर मे महिन्यात ही फरशी ओल्या फडक्यासारखी लागते म्हणून. बाथरूमचं पाणी हिच्याखालून झिरपतंय. कुबट वासावर उदबत्त्या लावल्यात.”

“जुनी इमारत. थोडी ओल असायचीच,” अण्णा म्हणाले.

“थोडी? खालच्या बाई वाऱ्याचा हॉल सोडून गॅसपाशी झोपतात. डोक्यावरचा स्लॅब सुटतोय, त्यावर रंग फासलाय. अण्णा, तुम्हाला आनंद कसला? दुरुस्ती नव्या मेंबरच्या गळ्यात पडणार याचा. हे ठाऊक असूनही दोघं रोज त्या बाईंना नमस्कार करत असाल.”

हितेंद्र तडकला. “फोन कोणी केला ते सांगा आधी.”

“ते नाही कळलं.”

रस्त्यावर आल्यावर शंतनूनं विचारलं, “खरंच नाही कळलं?”

“अण्णांना आई येणार हेच ठाऊक नव्हतं. हितेंद्र स्वतःचा सौदा मोडेल कशाला? उरलं कोण?”

“आनंदीबाई! मग नाकारलं का?”

“त्यांना या दोघांत राहायचंय. नाव सांगून या दोघांना फार तर लाज वाटली असती, पण एवढं ऐकूनही ती वाटली नाही.”

इरावतीनं आईला फोन लावला. “आई, हे घर नाही घ्यायचं. दुसरं बघू.” पलीकडचं ऐकून ती नुसतं “हो” म्हणाली. मग मीनाक्षीकडे वळली.

“तुम्ही व्हा पुढे. आनंदीबाईंना विचारून येते, थोडे दिवस आमच्या खोलीत राहायला येतात का.”