अगस्त्य दाखवतो म्हणाला!

आयर्लंडमधल्या लाहिंचच्या किनाऱ्यावर एक मुलगी समुद्राकडे तोंड करून उभी होती आणि कुणालातरी चक्क रागवत होती.

"ये ना रे बाबा आता... किती भाव खाशील!"

थोड्याच अंतरावर, दगडी कठड्याच्या आडोशाला, गंधार दुर्बिणीचं स्टँड उभं करत होता. मराठी ऐकताच त्याचे हात थांबले. जवळच्या शॅनन गावातल्या कंपनीत लागून त्याला दोन वर्षं झाली होती. एवढ्या काळात कानावर पडणारं मराठी म्हणजे रूममेट रणजितचं, आणि ते काही कान देऊन ऐकावं असं नसे.

२०१८चा नोव्हेंबर होता. पाचलाच अंधार पडलेला, त्यामुळे आठ वाजता मध्यरात्र झाल्यासारखं वाटत होतं. पाऊस नुकताच थांबला होता. चिप्सच्या दुकानातून व्हिनेगरचा वास येत होता, आणि त्या वासानं मुलगी आणखीच कासावीस झालेली दिसत होती.

"माफ करा... कुणाची वाट बघताय?"

ती दचकून वळली. लाल लोकरी टोपी, त्याहून लाल नाक, आणि मोठे, वैतागलेले डोळे.

"चंद्राची! संकष्टी आहे आज. सकाळपासून उपाशी आहे मी. कॅलेंडरात नऊच्या आत लिहिलंय, आणि ह्याचा पत्ताच नाही."

"कुठलं कॅलेंडर?"

"आईनं पाठवलंय. नागपूरहून."

गंधार पुण्याचा. दुसऱ्याची चूक दिसली आणि ती सुधारली नाही, असं त्याच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं.

"नागपूरची वेळ नागपूरला," तो हसू दाबत म्हणाला. "आणि दुसरं असं, की चंद्र पूर्वेला उगवतो. तुमच्यासमोर अटलांटिक आहे... पश्चिम."

"मग?"

"मागे बघा."

ती वळली. चिप्सच्या दुकानाच्या धुराड्यावर चंद्र केव्हाचा येऊन बसला होता.

"म्हणजे तासभर मी उगाच उपाशी मरून राहिली होती?" ती ओरडली, आणि मग स्वतःच अशी खळखळून हसली, की गंधारच्या दुर्बिणीचा स्क्रू हातातून वाळूत पडला. तो त्याला पुन्हा कधीच सापडला नाही.

तिनं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन चंद्राला अर्घ्य दिलं आणि कठड्यावर बसून वरणभाताचा डबा उघडला. त्यानं थर्मासमधला चहा पुढे केला. ती मृणालिनी. एनिसच्या हॉस्पिटलात डॉक्टर. दिवसभर पेशंटना वेळेवर जेवायला सांगायची.

"आणि तुम्ही काय बघून राहिले एवढ्या थंडीत?"

"दक्षिणेचं आकाश. हिवाळ्यातलं सगळ्यात देखणं. तो मृग वर येतोय बघा. पोटात तीन ताऱ्यांचा बाण. थोड्या वेळानं त्याच्यामागून व्याध येईल."

"आणि अगस्त्य?" तिचा आवाज एकदम मऊ झाला. "आमच्या गच्चीवरून दिसतो. जानेवारीत बाबा मला दाखवायचे... शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीच्या अगदी वर, एकटाच. इथे आल्यापासून बघितलाच नाही."

"त्यात काय! मी दाखवतो."

हे तो का म्हणाला, ते विचारू नका. चंद्र दाखवून झालेल्या माणसाला त्या घडीला सूर्यसुद्धा दाखवता आला असता.

"खरंच? पण लवकर हं," ती डबा बंद करत म्हणाली. "ऑस्ट्रेलियातून, पर्थहून नोकरी आलीये मला. जानेवारीअखेर हो की नाही, ते कळवायचंय."

घरी आल्याआल्या गंधारनं लॅपटॉपवर आकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं. नागपूर टाकलं, अगस्त्य दिसला. एनिस टाकलं, गायब! तारीख बदलली, महिना बदलला. अगस्त्य क्षितिजाच्या खाली तो खालीच. आयर्लंड इतकं उत्तरेला, की अगस्त्य इथे उगवतच नाही. कधीच नाही. मग जिभेनं दुखरा दात चाचपावा तसं त्यानं पर्थ टाकलं. अगस्त्य जवळजवळ डोक्यावर!

म्हणजे खरं सांगायचं तर आधी 'चुकलो' म्हणायचं, आणि वर पर्थची जाहिरात करायची.

"व्याध दाखव आणि सांग, हाच अगस्त्य," रणजितनं सोफ्यावरून सल्ला दिला. "तिला काय कळतंय? चंद्र शोधायला पश्चिमेला बसलेली ती!"

"खोटं नाही बोलणार मी," गंधार बाणेदारपणे म्हणाला.

आणि दुसऱ्या शनिवारी स्पॅनिश पॉइंटच्या किनाऱ्यावर तो म्हणाला, "छे! नेमका क्षितिजावरच ढग आलाय."

पुढच्या खेपेला किलकीच्या किनाऱ्यावर समोरचे केरीचे डोंगर आडवे आले. त्यानंतर धुकं. त्यानंतर मासेमारीच्या एका ट्रॉलरचा दिवा. त्या क्लेअर परगण्यात निरभ्र संध्याकाळ म्हणजे दुर्मीळच, पण जी कुठली मिळे ती दोघांची. ती ड्यूटी संपवून थेट यायची, केसांना सॅनिटायझरचा वास असायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. व्याध लाल-निळा लुकलुकू लागला, की ती दुर्बिणीला डोळा लावायची. मागून गंधार तिच्या टोपीतून निसटलेल्या बटेकडे बघत राहायचा. ग्रहतारे गेले खड्ड्यात!

"हा व्याध ना?" एकदा तिनं विचारलं.

"हो... व्याधच."

"मला वाटलं, तू अगस्त्य म्हणशील." ती दुर्बिणीतून न हलता म्हणाली, आणि गंधारला त्या थंडीतही घाम फुटला.

किलकीला रोज कुत्रं फिरवणारे एक आजोबा त्यांना ओळखू लागले होते. "अजून लपूनच बसलाय का युअर मॅन?" ते आयरिश ढंगात अगस्त्याबद्दल विचारायचे. मृणालिनी गंधारकडे बघून म्हणायची, "हो ना, फारच लाजाळू आहे!"

नाताळ गेला, संक्रांत झाली. गंधारची भूक उडाली. ती पर्थला जाईल, ही भीती होतीच. पण आता त्याहून मोठी भीती वाटत होती, ती अशी की ती थांबेल, आणि त्याच्या एका थापेवर थांबेल. जानेवारीच्या संकष्टीला त्यानं मनाशी ठरवलं. आज सांगायचं. मग काय व्हायचं ते होवो.

त्या संध्याकाळी तो तिला लूप हेडला घेऊन गेला. जमीन संपते तिथे दीपगृह, आणि पुढे नुसतं पाणी. ढगाचा ठिपका नाही. दक्षिणेला मृग उभा होता, त्याच्या पायाशी व्याध. सबब सांगायला एकही ढग शिल्लक नव्हता.

"आज तर दिसायलाच हवा," मृणालिनी म्हणाली.

"नाही दिसणार," गंधार म्हणाला. "मृणालिनी... अगस्त्य इथून दिसतच नाही. आज नाही, कधीच नाही. मला पहिल्याच रात्री कळलं होतं. ढग, डोंगर, तो ट्रॉलर... सगळ्या सबबी होत्या. चुकलो मी."

तिनं लाल टोपी कानांवर ओढली. खाली लाटा आपटत होत्या.

"आणि पर्थला तो डोक्यावर येतो. म्हणूनच सांगितलं नाही. तुला जायचं असेल तर जा, खरंच जा. पण मला तू आवडतेस. इतकी, की तुला दिसत नसलेला तारा दाखवायला मी आयुष्यभर येत राहिलो असतो... झालं. संपलं."

"संपलं?"

"हो."

"बाबांनी मला पहिल्याच रविवारी सांगितलं," ती म्हणाली. "उभा जन्म भूगोल शिकवलाय त्यांनी. इतके हसले, इतके हसले, की आईनं फोन काढून घेतला."

"मग... तू येत का राहिलीस?"

"आधी म्हटलं, बघू तरी, पुणेकर किती ताणतो ते! मग..." ती हातमोज्याचं टोक ओढू लागली. "मग ढग आले तरी मला वाईट वाटेना. तेव्हा कळलं, मी तारा बघायला येतच नाहीये. पण गंधार, मी रोज लोकांना वाईट बातम्या तोंडावर सांगते. ज्याला माझ्याशी साधं 'चुकलो' म्हणता येत नाही, त्याच्यासोबत कसं राहायचं? तेवढ्यासाठी थांबली होती मी. आज जर पुन्हा ढग काढला असतास ना..."

"आकाशच निरभ्र होतं."

"तू तरीही काढला असतास!" ती हसली.

"आणि पर्थ?"

"परवाच नाही म्हणून कळवलं. इथेच, लिमरिकला ट्रेनिंगची जागा मिळाली मला, मला तीच हवी होती. तुझ्यासाठी नाही थांबली हं, उगाच हवेत जाऊ नकोस." मग जरा थांबून, हळूच, "...थोडीशी तुझ्यासाठी."

गंधारला काय करावं कळेना. तो आपला दुर्बीण पुसायला लागला.

"ठेव ती. दक्षिण पुष्कळ बघून झाली," मृणालिनी म्हणाली. "आता मागे बघ."

तो वळला. उत्तरेकडे सप्तर्षी आपल्या शेपटीवर उभे होते.

"शेपटीतला मधला तारा?"

"वसिष्ठ. आणि त्याला चिकटून बारीकशी... अरुंधती." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं. "इथे ती कधीच मावळत नाही. उन्हाळा असो, हिवाळा असो."

"आणि ती कोण कुणाला दाखवतं, ते ठाऊक आहे ना?"

गंधारला ताईचं लग्न आठवलं. भर दुपारी हॉलमध्ये गुरुजी म्हणाले होते, "नवऱ्या मुलानं मुलीला अरुंधती दाखवावी," आणि जिजाजींनी अगदी भक्तिभावानं छताच्या पंख्याकडे बोट केलं होतं. तेव्हा तो पोट धरून हसला होता. आता त्याला हसू येत नव्हतं. त्यानं हात वर केला, तर बोट थरथरत होतं.

"थंडीनं," तो पुटपुटला.

"गंधार..."

"नाही. थंडीनं नाही."

त्यानं तिचा हात हातात घेतला, हातमोज्यातलं तिचं बोट सरळ केलं आणि आकाशाकडे धरलं.

"ती बघ. अरुंधती."

"दिसली," मृणालिनी म्हणाली. तिनं हात काढून घेतला नाही.

त्यांच्या शेजारून, पूर्वेला, चंद्र बऱ्याच वेळानं वर आला आणि चांगला हातभर चढला. पण तो कधी उगवला, ते दोघांपैकी कुणालाच कळलं नाही. त्या संकष्टीलाही मृणालिनीचा उपास तासभर उशिराच सुटला.